पडदा जागेवर बसला, दृष्टीचे काय?

दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत शोधणारी 'ओसीटी' आणि अन्य प्रतिमातंत्रे

डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडे लोटलेले असतात. डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञ पडद्याची तपासणी करतात आणि तो सर्व बाजूंनी व्यवस्थित चिकटल्याची ग्वाही देतात. रुग्णाला मात्र भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे अद्याप धूसरच दिसतात. दाराची उभी चौकट मध्येच वाकल्यासारखी भासते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे डॉक्टर म्हणतात. दिसत तर नाही, असे रुग्ण म्हणतो. आणि बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे खरे असते.

या दोन सत्यांमधील अंतर काही मायक्रॉनचे असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या सूक्ष्म पातळीवर पडद्यात काय घडले आहे, हे नेत्रतज्ज्ञाच्या भिंगातून दिसत नाही. ते दाखवण्याचे काम 'ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी' अर्थात 'ओसीटी' या तपासणीने गेल्या तीन दशकांत साधले आहे. तक्रार एकच असली तरी तिच्या मुळाशी पाच-सहा वेगवेगळी कारणे असू शकतात. त्यांपैकी एकावर थांबणे हाच उपचार असतो, तर दुसऱ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. कारण चुकले तर एक तर विनाकारण दुसरी शस्त्रक्रिया होते किंवा करायची ती राहून जाते. म्हणूनच या तपासणीचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही.

पडदा सुटतो म्हणजे काय?

डोळ्याच्या आतील मागच्या बाजूला अस्तरासारखा पसरलेला, प्रकाश टिपणारा नाजूक थर म्हणजे दृष्टिपटल. बोलीभाषेत त्यालाच डोळ्याचा पडदा म्हणतात. त्याच्या मध्यभागी मॅक्युला आणि मॅक्युलाच्या केंद्रस्थानी फोव्हिया नावाचा लहानसा खळगा असतो. वाचन, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी बारीक कामे या इवल्याशा भागावर अवलंबून असतात. येथे पडद्याची जाडी असते साधारण पाव मिलिमीटर.

डोळ्याच्या पोकळीत व्हिट्रियस नावाचा पारदर्शक जेलीसारखा पदार्थ असतो. वयपरत्वे तो आक्रसतो आणि पडद्यापासून विलग होताना काही जणांमध्ये पडद्याला फाट पाडतो. त्या फटीतून पाणी आत शिरते आणि भिंतीला ओल लागून रंगाचा पोपडा सुटावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटू लागतो. तीव्र लघुदृष्टी, डोळ्याला झालेली इजा, पूर्वी झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांमुळे हा धोका वाढतो. मधुमेहात पडद्यावर उगवणारे विकृत तंतू पडद्याला ओढून सोडवतात. त्या प्रकारातही शस्त्रक्रिया करावी लागते.

उपचाराचे मुख्य मार्ग तीन आहेत. डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवून भिंत आत दाबणे, ही 'स्क्लेरल बकल' पद्धत. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडून फाट आतून दाबून धरणे, ही 'न्यूमॅटिक रेटिनोपेक्सी'. आणि सूक्ष्म उपकरणांनी व्हिट्रियस काढून त्या जागी वायू किंवा सिलिकॉन तेल भरणे, ही 'व्हिट्रेक्टमी'. तिन्ही प्रकारांत फाट लेसरने किंवा अतिशीत उपचाराने बंद केली जाते.

लोझान शहराचे ऋण

विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुटलेला पडदा म्हणजे अंधत्व, असेच समीकरण होते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनिन यांनी हे समीकरण मोडले. पडदा सुटण्याचे मूळ फटीत आहे आणि ती फाट शोधून बंद केली तरच पडदा बसेल, असा सिद्धांत मांडून त्यांनी १९२०च्या दशकात तो शस्त्रक्रियेने सिद्ध केला. पुढे १९७०च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट माकेमर यांनी व्हिट्रेक्टमीचा पाया घातला. १९९१ मध्ये केली आणि वेंडेल या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी मॅक्युलाला पडलेले छिद्रही शस्त्रक्रियेने बंद करता येते, हे दाखवून दिले.

शस्त्रक्रिया अशी प्रगत होत असताना तपासणी मात्र मागे राहिली. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप प्रसिद्ध केला आणि जिवंत डोळ्याचा पडदा प्रथमच स्पष्टपणे पाहता येऊ लागला. १९६१ मध्ये हॅरोल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड अल्विस यांनी हाताच्या शिरेत फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य टोचून पडद्यातील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत रुजवली. तथापि, ही दोन्ही साधने पडद्याकडे समोरून पाहणारी होती. पुस्तकाचे मुखपृष्ठ दिसत होते. आतल्या पानांची अवस्था कळत नव्हती.

प्रकाशाने घेतलेला छेद

आतली पाने दिसू लागली ती १९९१ मध्ये. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जेम्स फुजिमोटो, त्यांचे विद्यार्थी डेव्हिड हुआंग, अभियंता एरिक स्वॉनसन आणि त्यांच्या नेत्रतज्ज्ञ सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ओसीटीचे तंत्र मांडले. सोनोग्राफीत ध्वनिलहरी आत पाठवून त्यांचे प्रतिध्वनी मोजतात. ओसीटीत हेच काम प्रकाशाकडून करून घेतले जाते. प्रकाशाचा वेग प्रचंड असल्याने त्याचा 'प्रतिध्वनी' थेट मोजता येत नाही. म्हणून प्रकाशाचा एक झोत डोळ्यात आणि दुसरा आरशाकडे पाठवतात आणि परत आलेल्या दोन झोतांच्या मिलाफावरून कोणत्या खोलीतून किती प्रकाश परतला, याचे गणित मांडतात. त्यातून पडद्याच्या थराथराचा उभा छेद संगणकाच्या पडद्यावर उमटतो. डोळ्याला स्पर्श नाही, सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. रुग्णाने हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे काही क्षण पाहायचे, एवढेच.

१९९६ मध्ये हे यंत्र बाजारात आले. २००२ मधील 'स्ट्रेटस' हे यंत्र सेकंदाला ४०० नोंदी घेत असे आणि त्याची सूक्ष्मता सुमारे १० मायक्रॉन होती. २००६ पासून आलेल्या 'स्पेक्ट्रल डोमेन' पिढीने हा वेग सेकंदाला २० हजारांच्या पुढे नेला आणि सूक्ष्मता पाच-सात मायक्रॉनपर्यंत आणली. त्यानंतरच्या 'स्वेप्ट सोर्स' यंत्रांनी लाख नोंदींचा टप्पा गाठला. त्यांच्या अधिक तरंगलांबीच्या प्रकाशामुळे पडद्यामागील कोरॉइडचा थरही नीट दिसू लागला. या कार्यासाठी फुजिमोटो, हुआंग आणि स्वॉनसन यांना २०२३ चा लास्कर पुरस्कार देण्यात आला.

एक तक्रार, अनेक कारणे

शस्त्रक्रियेनंतर दृष्टी अपेक्षेइतकी सुधारली नाही तर ओसीटीत प्रामुख्याने पुढील गोष्टी शोधल्या जातात.

फोव्हियाखाली उरलेले पाणी : पडदा बाहेरून पूर्ण बसलेला दिसतो, पण नेमक्या केंद्राखाली पाण्याचा पातळ थर किंवा लहान कप्पा शिल्लक असतो. व्हिट्रेक्टमीपेक्षा स्क्लेरल बकलनंतर हे अधिक आढळते. भिंगातून तो बहुधा दिसतच नाही. योगायोग असा, की गोनिन यांचेच नाव धारण करणाऱ्या लोझानच्या नेत्ररुग्णालयातील वोल्फेन्सबर्गर आणि गोन्व्हेर्स यांनी २००२ मध्ये, मॅक्युलासह पडदा सुटलेल्या रुग्णांची दृष्टी उशिरा का सुधारते, याचे उत्तर ओसीटीतून याच पाण्यात शोधले. हे पाणी सहसा आपोआप शोषले जाते. त्यास काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळही लागतो. ओसीटीपूर्वी अशा रुग्णाला देण्यासाठी डॉक्टरांकडे ठोस उत्तर नव्हते. आज दर भेटीतील छेद शेजारी ठेवून पाणी उतरत असल्याचे दाखवता येते आणि दुसरी शस्त्रक्रिया टाळता येते.

मॅक्युलाची सूज : शस्त्रक्रियेनंतरच्या दाहामुळे पडद्यातील केशवाहिन्या पाझरतात आणि पडद्याच्या आत पाण्याच्या लहान पोकळ्या तयार होतात. छेदात त्या मधाच्या पोळ्यातील कप्प्यांसारख्या काळ्या दिसतात. येथील पाणी पडद्याखाली नसून पडद्यातच असते आणि हा फरक निर्णायक आहे. कारण या सुजेवर थेंब, प्रसंगी डोळ्यातील इंजेक्शन असे औषधोपचार उपलब्ध आहेत. उपचार लागू पडतो की नाही, हेही पडद्याच्या जाडीच्या आकड्यांवरून मोजता येते.

पडद्यावरचा पापुद्रा : फटीतून बाहेर पडलेल्या पेशी पडद्याच्या पृष्ठभागावर रुजून पातळ पापुद्रा तयार करतात. तो आक्रसला की पडद्याला चुण्या पडतात आणि रुग्णाला सरळ रेषा वाकड्या दिसतात. छेदात हा पापुद्रा पांढऱ्या चकाकत्या रेषेसारखा दिसतो; तो कोठे घट्ट चिकटला आहे आणि कोठे सैल आहे, हेही कळते. सौम्य असेल तर लक्ष ठेवले जाते. दृष्टी घसरू लागली तर तो सोलून काढण्याची शस्त्रक्रिया केली जाते आणि पापुद्रा कोणत्या टोकाकडून उचलावा, याचा अंदाज छेदावरून बांधता येतो.

न मिटलेले किंवा नव्याने पडलेले छिद्र : मॅक्युलाच्या छिद्रावरील शस्त्रक्रियेनंतर छिद्र खरोखर मिटले, की त्याच्या कडा नुसत्या सपाट होऊन तळ उघडाच राहिला, हे ओसीटीने स्पष्ट होते. पहिल्या प्रकारात दृष्टी सुधारण्याची आशा असते. दुसऱ्यात ती फारशी नसते. पडदा सुटल्यावरील शस्त्रक्रियेनंतरही काही रुग्णांत नवे छिद्र पडू शकते.

प्रकाश टिपणाऱ्या पेशींची हानी : निरोगी डोळ्याच्या छेदात बाहेरच्या थरांत एक अखंड ठळक रेषा दिसते. तिला 'एलिप्सॉइड झोन' म्हणतात आणि ती प्रकाशसंवेदी पेशींच्या आरोग्याची निदर्शक मानली जाते. पडदा सुटलेला असताना या पेशींचे पोषण तुटते. शस्त्रक्रियेनंतर ही रेषा तुटक दिसली तर दृष्टी मंद राहण्याचे कारण तेथे सापडते. ती काही महिन्यांत पुन्हा जुळून येऊ शकते आणि तिच्याबरोबर दृष्टीही सुधारते. ती जुळली नाही, तर आणखी एका शस्त्रक्रियेने लाभ होणार नाही, हे कटू सत्य रुग्णाला वेळीच सांगता येते.

सिलिकॉन तेलाचे परिणाम : गुंतागुंतीच्या रुग्णांत भरलेले तेल कालांतराने फुटून त्याचे सूक्ष्म थेंब होतात. ओसीटीत ते गोल, चकाकते ठिपके म्हणून दिसतात. तेल डोळ्यात असताना किंवा ते काढल्यानंतर काही रुग्णांची दृष्टी अकारण खालावते, याची नोंद वैद्यकीय साहित्यात २००४ पासून आहे. अशा डोळ्यांत पडद्याचे आतील थर विरळ झाल्याचे छेदात आढळते.

समोरून घेतलेल्या प्रतिमांचे योगदान

ओसीटी हा छेद असला तरी सारी कथा छेदात मावत नाही. 'फंडस ऑटोफ्लुओरेसन्स' या प्रतिमेत पडद्यामागील रंगद्रव्ययुक्त पेशींची स्वयंदीप्ती टिपली जाते. जपानमधील शिरागामी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात शस्त्रक्रियेनंतर काही डोळ्यांत रक्तवाहिन्यांना समांतर अशा उजळ रेषा दिसल्या. त्या रक्तवाहिन्यांच्या मूळ जागेच्या खुणा होत्या. याचा अर्थ, पडदा बसला होता खरा, पण मूळ जागेपासून किंचित सरकून बसला होता. एका डोळ्याने वस्तू तिरपी किंवा लहानमोठी दिसण्याच्या तक्रारीला त्यामुळे एक स्पष्टीकरण मिळाले.

'ओसीटी अँजिओग्राफी' हे तंत्र २०१५च्या सुमारास प्रत्यक्ष वापरात आले. रंगद्रव्य न टोचता, रक्तपेशींच्या हालचालीवरून केशवाहिन्यांचे जाळे त्यात उमटते. मधुमेहींच्या पडद्यात रक्तपुरवठा कोठे खंडित झाला आहे, हे त्यातून कळते. मात्र वाहिनी पाझरते आहे की नाही, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी १९६१ची फ्लुओरेसिन पद्धत आजही टिकून आहे.

पडद्याच्या कडांसाठी विस्तृत क्षेत्राची छायाचित्रे घेणारी यंत्रे आहेत. त्यांच्यामागे एका पित्याची व्यथा आहे. स्कॉटलंडमधील डग्लस अँडरसन यांच्या पाच वर्षांच्या मुलाचा पडदा सुटल्याचे वेळेत लक्षात आले नाही आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. लहान मुलालाही त्रास न होता पडद्याचा मोठा भाग एका झटक्यात टिपता यावा, या ध्यासातून त्यांनी १९९२ मध्ये 'ऑप्टॉस' ही कंपनी स्थापन केली. या यंत्रात सुमारे २०० अंशांचे क्षेत्र एका प्रतिमेत येते.

यशाची व्याख्या बदलली

पूर्वी 'पडदा बसला' म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी, असा सरळ हिशेब होता. प्रतिमातंत्रांमुळे 'पडदा कसा बसला', हा प्रश्न पुढे आला आहे. कॅनडातील टोरांटो येथे झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पिव्हट' चाचणीत १७६ रुग्णांमध्ये न्यूमॅटिक रेटिनोपेक्सी आणि व्हिट्रेक्टमी यांची तुलना करण्यात आली. पहिल्याच प्रयत्नात पडदा बसण्याचे प्रमाण व्हिट्रेक्टमीत ९३.२ टक्के, तर रेटिनोपेक्सीत ८०.८ टक्के होते. दृष्टीची तीक्ष्णता मात्र वर्षभरानंतर रेटिनोपेक्सीच्या गटात अधिक चांगली आढळली. वस्तू वाकड्या दिसण्याची तक्रारही तेथे कमी होती. पुढे याच रुग्णांच्या ओसीटी प्रतिमांचे विश्लेषण झाले, तेव्हा प्रकाशसंवेदी थर तुटक दिसण्याचे प्रमाण व्हिट्रेक्टमीच्या गटात जास्त असल्याचे दिसून आले.

याचा अर्थ, व्हिट्रेक्टमी त्याज्य आहे असा नव्हे. या चाचणीत ठरावीक निकषांत बसणारे रुग्णच होते आणि अनेक डोळ्यांत व्हिट्रेक्टमीला पर्याय नसतो. परंतु, निकाल मोजण्याची फूटपट्टी बदलली, हे निश्चित.

ही तपासणी आता शस्त्रक्रियागृहातही पोहोचली आहे. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या ओसीटीने शस्त्रक्रिया चालू असतानाच छेद दिसतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या 'डिस्कव्हर' या अभ्यासात डोळ्याच्या मागील भागावरील सुमारे २९ टक्के शस्त्रक्रियांत या माहितीमुळे शल्यचिकित्सकांनी आपला निर्णय बदलल्याचे २०१८ मध्ये नोंदवले गेले. पापुद्र्याचा तुकडा मागे राहिला का, हे महिन्याभराने कळण्याऐवजी तेथल्या तेथे कळू लागले.

मर्यादा जाणून घेणे आवश्यक

ओसीटी हा सर्वज्ञ डोळा नव्हे. प्रकाश आत पोहोचला तरच प्रतिमा मिळते. मोतीबिंदू, पारपटलाची सूज किंवा आत झालेला रक्तस्राव असल्यास ती अंधूक येते. वायूचा बुडबुडा मध्ये असतानाही चांगली प्रतिमा मिळणे अवघड असते. पडद्याच्या पुन्हा सुटण्याची सुरुवात बहुधा कडेला होते आणि नेहमीची ओसीटी मध्यभाग तपासते. परिणामी, ओसीटी उत्तम असूनही कडेला नवी फाट असू शकते. त्यामुळे बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीला पर्याय नाही; आतले काही दिसतच नसेल तर सोनोग्राफी करावी लागते.

आणखी एक खबरदारी अहवाल वाचण्यासंबंधी आहे. यंत्र रुग्णाच्या पडद्याची जाडी निरोगी व्यक्तींच्या नोंदींशी ताडून हिरवा, पिवळा, लाल असे रंग देते. तीव्र लघुदृष्टी असलेले डोळे या नोंदींत सहसा नसतात. पडदा सुटणाऱ्यांत मात्र त्यांचेच प्रमाण मोठे असते. शिवाय पडद्याची रचना बिघडलेली असताना थरांच्या सीमा आखण्यात यंत्राची चूक होऊ शकते. म्हणून लाल रंग पाहून घाबरणे जितके चुकीचे, तितकेच हिरवा पाहून निर्धास्त होणेही. प्रत्यक्ष छेद पाहून, रुग्णाची तक्रार ऐकून निष्कर्ष काढणे हे डॉक्टरांचेच काम.

मंद दृष्टीचे कारण प्रत्येक वेळी पडद्यातच असते, असेही नाही. पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णांत व्हिट्रेक्टमीनंतर एक-दोन वर्षांत मोतीबिंदू वाढणे अगदी सर्वसामान्य आहे. ओसीटीत पडदा ठीक दिसला तर मोतीबिंदू काढून दृष्टी परत मिळू शकते, असा दिलासा देता येतो.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

* अचानक काळे ठिपके वाढणे, प्रकाशाच्या रेघा चमकणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार येणे ही पडदा सुटण्याची लक्षणे आहेत. पुढील तारखेची वाट न पाहता त्वरित नेत्रतज्ज्ञ गाठावा.

* शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत डोळा वाढत्या प्रमाणात दुखणे, लाल होणे आणि दृष्टी झपाट्याने घटणे हे जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. येथे काही तासांचाही विलंब महागात पडतो. अशा वेळी ओसीटीची नव्हे, तातडीच्या उपचाराची गरज असते.

* डोळ्यात वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास करू नये. उंचावर वायू प्रसरण पावून डोळ्याचा दाब धोकादायक पातळीवर जातो. डोके कोणत्या स्थितीत ठेवायचे, याबाबतच्या सूचना काटेकोर पाळाव्यात.

* डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी चौकोनांच्या जाळीची तपासणी करावी. एक डोळा झाकून जाळीच्या मध्यबिंदूकडे पाहायचे आणि रेषा वाकड्या किंवा तुटक दिसतात का, हे नोंदवायचे. ही जाळी तयार करणारे मार्क अम्सलर हे गोनिन यांचेच शिष्य.

* ओसीटीचे सर्व जुने अहवाल जपून ठेवावेत व प्रत्येक भेटीत सोबत न्यावेत. शक्य असल्यास तपासणी त्याच प्रकारच्या यंत्रावर करून घ्यावी. वेगवेगळ्या यंत्रांच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

* 'पडदा बसला आहे' असे सांगितल्यानंतरही दिसण्यात अडचण असेल तर ती स्पष्टपणे सांगावी. केंद्राखाली पाणी आहे का, सूज आहे का, पापुद्रा आहे का आणि प्रकाशसंवेदी थर अखंड आहे का, हे चार प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

गोनिन यांच्यापूर्वी सुटलेला पडदा बसवता येत नव्हता. आज बहुसंख्य रुग्णांचा पडदा पहिल्याच शस्त्रक्रियेत बसतो. बसलेल्या पडद्यातून नीट दिसावे, ही पुढची पायरी आहे. दाराची चौकट वाकडी दिसते, हे रुग्णाचे साधे वाक्य त्या पायरीवर मोलाचे ठरते. कारण ओसीटीचा छेद नेमका कोठे घ्यायचा, हे बहुतेक वेळा त्याच वाक्यावरून ठरते.